लाल रेघ नसलेला परिच्छेद

१

‘हा मेला माझा एक शब्द ओळखेल तर शपथ! सगळं लाल. जसं काही मी शाळेची पायरीच चढले नाही.’

पुटपुट अगदी हळू होती, पण चौकशीबाई खुर्चीच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी ती ऐकली आणि न ऐकल्यासारखं केलं. जन्म पोलिसांत गेला होता. माणसं मोठ्याने बोलतात त्यापेक्षा पुटपुटतात त्यात जास्त खरं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर दवाखान्याच्या विश्वस्तांनी त्यांना बोलावून घेतलं होतं, कारण एक माणूस मेला होता आणि कोणामुळे मेला ते ठरायचं होतं.

मेला तो घरांना रंग देणारा रंगारी. खोकला हटेना म्हणून छातीचा एक्स-रे काढायला आला. रिपोर्ट मिळाला: छाती साफ. खोकल्याचं औषध घेऊन पुन्हा शिडीवर चढला. मग त्याला आडवं होता येईना. शेवटच्या रात्री भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्या गेला. नंतर कोणीतरी तीच फिल्म उजेडात धरली, तर डावीकडचं निम्मं फुप्फुस चुना फासल्यासारखं पांढरं. पाणी भरलं होतं. सुई घालून काढलं असतं तर माणूस पुढच्या आठवड्यात कामावर गेला असता.

रिपोर्टखाली आद्याक्षरं होती टायपिंगच्या खोलीतल्या धाकटीची. तीच आता चौकशीच्या खोलीतल्या संगणकापुढे बसून पुटपुटत होती.

‘बघा, बघा तुम्हीच,’ दवाखान्याचे व्यवस्थापक म्हणाले. ते फिल्म बघून रिपोर्ट देणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचे, म्हणजे सरांचे, जावई. पाठीमागे सगळे त्यांना जावईबापू म्हणत. ‘ओळीओळीला लाल रेघ! हिला टायपिस्ट म्हणायचं? सरांनी सावली आहे म्हणून सांगितलं आणि हिने साफ म्हणून छापलं. मी हिला आजच काढतो, आणि पोलिसांतही देतो.’

धाकटीने मान वर केली नाही. ‘माझ्या संगणकावर एकही रेघ नाही,’ एवढंच म्हणाली.

‘म्हणजे आमचा संगणक खोटारडा?’

‘खोटारडा नाही, अडाणी आहे,’ चौकशीबाई म्हणाल्या. ‘माझे जबाब मीच टाइप करायची, त्यामुळे हे दुखणं मला माहीत आहे. शब्द ओळखीचा नसला की यंत्र त्याखाली लाल रेघ मारतं. आपण तो शब्दकोशात टाकला की तो आपल्या यंत्रात राहतो. कागदाबरोबर जात नाही. हिने वर्षानुवर्षं डॉक्टरी शब्द शिकवले ते हिच्या यंत्राला. तुमच्या यंत्राला कोणी काही शिकवलंय का?’



चौकशीबाई चष्मा सरकवून पडद्याशी वाकल्या. वर रेघा, खाली रेघा. आणि मधेच त्या थांबल्या.

मधल्या एका परिच्छेदात तेच अवघड शब्द होते. त्यांच्याखाली एकही लाल रेघ नव्हती.

२

आधी चौकशीबाईंनी धाकटीच्या संगणकातली शब्दकोशाची फाइल मागवली.

फाइल आली, जोडली, आणि काही फरक पडला नाही. जावईबापूंच्या चेहऱ्यावर जरा तकाकी आली.

‘यादीत दिसतेय, पण पुढे खूण नाही केलेली,’ धाकटी म्हणाली. खूण केली. तरी लाल.

‘भाषा बघ,’ चौकशीबाई म्हणाल्या. ‘फाइलला भलतीच भाषा लागली असेल, तर इथला मजकूर तिच्या गावचाच नाही.’

तसंच होतं. भाषा बदलली आणि पडद्यावरच्या रेघा एकदम गेल्या, जखम धुतल्यावर कातडी दिसावी तशा. एकही शब्द चुकलेला नव्हता.

‘साहेब, तुमचा पुरावा पुसला गेला,’ चौकशीबाई म्हणाल्या. ‘आता जरा बाहेर थांबाल?’

जावईबापू गेले. दार उघडलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेली रंगाऱ्याची बायको दिसली. रोज येऊन बसायची. काही मागायची नाही, रडायचीही नाही. सकाळी धाकटीनेच तिला पाणी नेऊन दिलं होतं. ‘सुखी राहा गं बाई,’ असं ती म्हणाली होती. पाणी देणारी कोण हे तिला माहीत नव्हतं. धाकटीला ते ‘सुखी राहा’ अजून ऐकू येत होतं. नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती तिने. पण या बाईच्या नवऱ्याला आपण मारलं, असा शिक्का घेऊन कुठे जाणार?

चौकशीबाईंनी शब्दकोशापुढची खूण पुन्हा काढून टाकली. रेघा परत आल्या. मधला परिच्छेद तसाच स्वच्छ. मग त्यांनी त्याच्या मधोमध वाटेल ती अक्षरं बडवली. कोणत्याही भाषेत नसलेला शब्द तयार झाला. त्याच्याखालीही रेघ नाही.

‘अगंबाई,’ धाकटीच्या तोंडून गेलं.

‘या परिच्छेदाला “तपासू नका” अशी खूण लावलेली आहे. ती मजकुराला चिकटलेली असते. मजकूर उचलून दुसरीकडे डकवला तरी बरोबर जाते. बाकीचा रिपोर्ट तू टाइप केलास, म्हणून तपासला जातोय. एवढाच तुकडा बाहेरून आलाय.’ त्यांनी खुर्ची जवळ ओढली. ‘आणि छाती साफ आहे, हे याच तुकड्यात लिहिलंय. तो तू लिहिला नाहीस.’

धाकटी पडद्यापासून मागे सरकली.

‘कोणी लिहिला?’

‘ते मला विचारू नका, बाई.’

‘अगं, तुझी मान सुटतेय यातून!’

‘सुटू दे, नाहीतर अडकू दे. मी नाव घेणार नाही.’ तिचे डोळे भरले होते, पण आवाज घट्ट होता. ‘तुम्ही विचारलंत तर दुसरं कोणीही घेणार नाही. बघा हवं तर.’

३

मोठीताई टायपिंगच्या खोलीची प्रमुख. कमरेला किल्ल्या, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया कायम वर. खोलीच्या एका दाराशी धाकटीचं टेबल, दुसऱ्या दारापलीकडे सरांची अंधारी खोली. ताईची जागा दोन्हींच्या मधे.

‘पद्धत कशी असते तुमची?’ चौकशीबाईंनी विचारलं.

‘मी सरांजवळ बसते. सर फिल्म बघतात, सांगतात. मी उतरवते आणि धाकटीकडे पाठवते. ती नाव, वय, बाकीचं भरते आणि छापते. मी सही घेते.’

‘म्हणजे काय दिसलं, तो भाग तुमच्याकडून जातो?’

‘कधी माझ्याकडून. कधी मी तोंडी सांगते, ती घालते. त्या दिवशी तोंडी सांगितलं होतं.’

‘तुमचा शब्दकोश बघू?’

फाइल उघडली. आत काही नव्हतं. एक शब्दसुद्धा नाही.

‘इतक्या वर्षांत यंत्राला काहीच शिकवलं नाहीत?’

‘मला त्या लाल रेघा खुपतात. मास्तर डोक्यावर उभा असल्यासारखं वाटतं. मी तपासणीच बंद करून टाकलीय माझ्या कागदांवर.’

बोलून झाल्यावर ताईला कळलं आपण काय बोललो ते. किल्ल्या एकदा वाजल्या.

चौकशीबाई शांतपणे म्हणाल्या, ‘रंगाऱ्याच्या रिपोर्टमधला “छाती साफ” हा तुकडा तुमच्या संगणकावरून गेला आहे. धाकटीच्या कागदांना ती खूण नसते. मी तिचे बाकीचे रिपोर्ट उघडून बघितले. तुमचा तुकडा येतो तिथेच ती दिसते.’

‘नॉर्मल छातीला नॉर्मल परिच्छेद. तयार ठेवलाय मी. रोज काय नवी कविता करायची?’

‘पण जावईबापूंना तुम्हीच सांगितलंत ना, की सरांनी सावली सांगितली होती?’

ताईने पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

‘ताई, पोरगी जाईल यात.’

‘ती तरुण आहे. तिला दुसरीकडे मिळेल काम.’ ताईचा आवाज फाटला. ‘माझ्या फुप्फुसातली गाठ सरांनी वाटाण्याएवढी असताना धरली होती. इतर दोघांनी तीच फिल्म बघून घरी पाठवलं होतं मला. मी आज बसलेय ती त्यांच्यामुळे. तुम्हाला नाही कळणार.’

‘कळवून घ्यायलाच आले आहे. सरांना भेटते.’

ताई एकदम उठून दारात आडवी उभी राहिली.

‘त्यांना त्रास देऊ नका. जे विचारायचं ते मला विचारा. मी टाकला तो परिच्छेद. माझी चूक. लिहा तसं!’

इतका वेळ नाकारलेली गोष्ट कोणी असं एकदम गळ्यात घालून घेतं तेव्हा, चौकशीबाईंचा अनुभव होता, त्याच्यामागे अजून काहीतरी मोठं उभं असतं.

४

सरांच्या खोलीत टेबलावरच्या छोट्या दिव्याइतकाच उजेड होता. भिंतीला फिल्म लावायची उजेडाची पेटी, तिच्यासमोर सरांची खुर्ची, डाव्या हाताला ताईची. खुर्च्यांच्या पायांखाली फरशीवर खोबणी पडल्या होत्या. या खोलीत कोणी काही हलवत नसावं.

‘या,’ सर म्हणाले. ‘उजवा गुडघा दुखतोय तुमचा. पायऱ्या कमी चढा.’

‘पावलांवरून ओळखलंत?’

‘सवय झाली.’ ते हसले. हसणं फार गोड होतं. म्हातारा माणूस, इस्त्रीचा सदरा, हात स्वच्छ. असे हात आपल्या बापाचे असावेत, असं कोणालाही वाटलं असतं.

‘रंगाऱ्याचा एक्स-रे तुम्ही पाहिलात, त्या दिवशी काय सांगितलंत?’

‘आठवत नाही हो. दिवसभरात किती छात्या जातात समोरून. ताई म्हणते सावली सांगितली, तर सांगितली असेन.’

‘तुम्ही सांगितली असती, तर धाकटीने खोटं छापलं असं होतं.’

सरांचं हसू गेलं. ‘पोरगी चांगली आहे,’ ते हळूच म्हणाले. ‘तिला काही होणार नाही ना?’

‘तेच ठरवायचंय. ही ती फिल्म. आज बघून सांगाल?’

सरांनी फिल्म हातात घेतली. बोटांनी कोपऱ्यातली खाच चाचपली, फिल्म सरळ केली आणि पेटीवर बरोबर बसवली. बटण दाबलं. टक्‌ असा आवाज झाला.

‘हं. डावीकडे खालून निम्म्यापर्यंत पांढरं. वरची कड वाटीसारखी, बाहेरच्या बाजूला चढत गेलेली. मधला भाग उजवीकडे ढकललेला. पाणी आहे. भरपूर पाणी आहे. लगेच काढायला हवं होतं.’ त्यांचा आवाज कापला. ‘हे चुकायला नको होतं कोणाचं.’

वर्णन अगदी बरोबर होतं. एकेक शब्द बरोबर.

चौकशीबाईंनी खाली बघितलं. आत येताना त्यांची जड पिशवी भिंतीपाशी कशाला तरी अडकली होती. पेटीची वायर होती ती. पिन भिंतीतून निघून जमिनीवर पडली होती.

बटण दाबलं गेलं होतं. पेटी मात्र लागलीच नव्हती. काळ्या काचेवर काळी फिल्म लटकत होती आणि सर तिच्याकडे एकटक बघत होते.

५

चौकशीबाई बाहेर आल्या. मग फोटोकाकांकडे गेल्या.

फोटोकाका एक्स-रे काढायचे. ‘श्वास घ्या, थांबा, सोडा,’ हे दिवसभर म्हणून त्यांचं साधं बोलणंही तुकड्यातुकड्यात झालं होतं. त्यांच्या खिडकीपाशी दोन ट्रे होते, एक दाराजवळ, एक आत. दोन्हींवर काही लिहिलेलं नव्हतं. चौकशीबाई बघत राहिल्या. काका ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरत, क्षणभर डोळे बारीक करत आणि मग या नाहीतर त्या ट्रेमध्ये टाकत.

‘दोन ट्रे कशाला, काका?’

‘सोय. म्हणून.’

‘कसली?’

‘हा इकडचा. तो तिकडचा.’

‘हा साफ छातीचा आणि तो गडबडीचा,’ चौकशीबाई म्हणाल्या. ‘दाराजवळच्या ट्रेमधल्या फिल्म ताई पेटीवर लावतच नाहीत. तयार परिच्छेद डकवतात. आतल्या ट्रेमधली लावतात, आणि तुम्ही शेजारी उभं राहून सरांना सांगता, डावीकडे पांढरं आहे, कड वाटीसारखी आहे. सर त्याचा अर्थ लावतात. बरोबर लावतात. आजची फिल्मही तुम्हीच त्यांच्याकडून पाठ करून घेतलीत ना?’

काकांनी हातातली फिल्म खाली ठेवली.

‘किती वर्षं चाललंय हे?’

‘चालत आलंय,’ काका म्हणाले. ‘कधी कोणाचं. वाईट झालं नाही. एकाचंही नाही.’

‘रंगारी आला त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’

‘दाढ काढली. सुट्टी होती. दुसऱ्या शाखेतला माणूस आला होता.’

‘त्याला ट्रेचं सांगितलंत?’

काकांनी नकाराची मान हलवली. सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण तर इथे कोणी एकमेकांनाही सांगितलेलं नव्हतं.

‘दाराजवळचा ट्रे हाताशी होता,’ चौकशीबाई म्हणाल्या. ‘त्याने सगळ्या फिल्म तिथेच टाकल्या. बघायचं काम डॉक्टरांचं, असं त्याला वाटलं. कोणाला वाटणार नाही? त्या दिवशीचा प्रत्येक रिपोर्ट मी उघडून पाहिला, काका. प्रत्येकात तो लाल रेघ नसलेला परिच्छेद आहे. एका दिवशी दवाखान्यात आलेल्या सगळ्या छात्या साफ! असं कधी झालंय का?’

काका खाली स्टुलावर बसले.

‘त्या दिवशीच्या बाकीच्या फिल्म?’ त्यांनी विचारलं.

‘दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवल्यात. काहींना परत बोलवावं लागणार आहे. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी फोन केला, तर ती आधीच दुसऱ्या दवाखान्यात दाखल आहे. आशा आहे म्हणतात, थोडी.’

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. श्वास घेतला. थांबला. सोडायचं त्यांना सुचेना.

६

संध्याकाळी चौकशीबाईंनी सगळ्यांना जावईबापूंच्या खोलीत बोलावलं. सर ताईच्या हाताला धरून आले. बघणाऱ्याला वाटावं, मोठा मान देऊन आणलं. काका दाराशी उभे राहिले. धाकटी कोपऱ्यात. शेवटी चौकशीबाई रंगाऱ्याच्या बायकोला आत घेऊन आल्या.

‘यांचं काय काम इथे?’ जावईबापू कुजबुजले.

‘आपलं काय काम, ते यांच्यामुळेच आहे.’

मग त्यांनी एकेक गोष्ट मांडली. लाल रेघा का दिसल्या. एकाच तुकड्याखाली का दिसल्या नाहीत. तो तुकडा कोणाच्या संगणकावरून आला. दोन ट्रे कशासाठी होते आणि त्या दिवशी एकच कसा भरला. धाकटीने समोर आलेला मजकूर छापला, यापलीकडे काही केलं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा रंगाऱ्याच्या बायकोकडे बघून. बायकोने धाकटीकडे पाहिलं, तिला ओळखलं आणि पुन्हा समोर पाहू लागली.

‘चला, म्हणजे कळलं,’ जावईबापूंनी सुस्कारा सोडला. ‘बदली माणसाची गफलत. ट्रेवर चिठ्ठ्या नव्हत्या. आपण चिठ्ठ्या लावू, आणि तसं लिहून टाकू. धाकटीला ठेवून घेऊ. झालं.’

‘झालं?’ चौकशीबाईंनी विचारलं.

‘आणखी काय राहिलं?’

‘एक गोष्ट राहिली. तिच्यावाचून ट्रेची पद्धत कोणी पाडली नसती. तुम्हालाही माहीत आहे ती, जावईबापू. घरी एका टेबलावर जेवता तुम्ही.’ तोंडावर जावईबापू म्हणाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. ‘माझ्या अहवालात मी ती लिहीनच. पण ती मी या बाईंना सांगावी, हे मला बरोबर वाटत नाही. इथल्या माणसांनी सांगावी.’

ताईची किल्ली वाजली. काका छताकडे बघत होते. जावईबापू टेबलावरचे कागद सरळ करत होते, सरळच असलेले. धाकटीने ओठ इतके घट्ट मिटले होते की ते पांढरे पडले.

रंगाऱ्याची बायको पहिल्यांदाच बोलली. ‘मला ट्रेचं कळत नाही, बाई. त्या रेघांचंही नाही. त्यांना मी सांगितलं होतं, बाकी कशासाठी कामावरून सुट्टी घेऊ नका, पण फोटो काढून या. ते म्हणाले, काढला, मोठ्या डॉक्टरांनी बघितला, काही नाहीये.’ तिने पदर सारखा केला. ‘एवढंच सांगा. माझ्या माणसाचा फोटो बघितला कोणी?’

‘बाई, तसं बघायला गेलं तर यंत्रणा...’ जावईबापू सुरू झाले.

‘मी बघायला हवा होता,’ ताई घाईने म्हणाली. ‘माझंच लक्ष...’

‘ताई, पुरे आता.’

सर उठले होते. त्यांचा हात टेबलाची कड शोधत गेला, सापडल्यावर तिथेच थांबला. ते रंगाऱ्याच्या बायकोच्या आवाजाच्या दिशेने वळले. जरा जास्तच वळले, म्हणून बोलले ते तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून.

‘कोणीच नाही बघितला, बाई,’ सर म्हणाले. ‘सही मी केली. मला दिसत नाही.’